राक्षसाला कोपर किती?

म्हैसूरला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाचे फोटो बघा. वृंदावन गार्डनचं कारंजं असतं, रविवार साधला असेल तर रोषणाईतला राजवाडा असतो, आणि चामुंडी टेकडीवर एका भल्यामोठ्या, भडक रंगाच्या, मिशाळ गृहस्थासमोर अख्खं कुटुंब ओळीनं उभं असतं. गृहस्थांच्या उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात नाग. हे महिषासुर. ज्या देवीनं यांना मारलं ती आत गाभाऱ्यात आहे. तिच्यासाठी रांग आहे, तिथं फोटोला बंदी आहे आणि पुजारी ‘चला, चला’ करून पुढं ढकलतात. म्हणजे मारणारीचं दर्शन काही सेकंद, आणि मेलेला दिवसभर बाहेर फोटोला उभा.

पोरं त्याच्यासारखा हात वर करून उभी राहतात. आया ‘ऊन लागतंय, आटपा’ म्हणतात. वडील मंडळी त्या पोझमध्ये पोट आत घेऊन उभी राहतात, जे महिषासुरानं केलेलं नाही. पण त्याच्याकडे नीट बघत कोणीच नाही, आणि तो तर नीट बघण्यासारखा आहे. नाव महिषासुर, पण अंगावर रेड्याची एक खूण नाही. शिंगं नाहीत, शेपूट नाही. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातल्या लेण्यात हाच गडी चांगला रेड्याच्या तोंडाचा आहे. म्हैसूरला पोचेपर्यंत रेडा गळून गेला आणि मिशी उगवली. काही मंडळी तर त्याला राक्षस मानायलाच तयार नाहीत. महिष हा इथला राजा होता असं त्यांचं म्हणणं, आणि दसऱ्याच्या आधी ते महिष दसराही साजरा करतात. त्या वादात मी पडत नाही. मिशी बघता राजा असणं अशक्य वाटत नाही, एवढंच नोंदवतो.

ही मिशी घडवणाऱ्या कारागिराचा मला हेवा वाटतो. देवीची मूर्ती करायची म्हटली की शास्त्र आडवं येतं. हात किती, कुठल्या हातात काय, डोळे कसे, वाहन कोणतं, सगळं ठरलेलं. एक आयुध इकडचं तिकडं झालं तर देवी बदलते. राक्षसाच्या मिशीला कसला नियम? ती कितीही पिळावी. आपल्याकडे देव नियमानं काढतात आणि राक्षस हौसेनं, असं माझं फार दिवसांचं मत आहे, आणि ते पक्कं करून घ्यायला म्हैसूरइतकं सोयीचं गाव नाही.

नियमांचं मूळ बघायचं तर मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्याकडे जावं लागतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या या मुलाला गादीवर बसवलं. १८३१ मध्ये त्यांनी कारभारही काढून घेतला. त्यानंतर १८६८ मध्ये वारेपर्यंत महाराजांपाशी राजवाडा होता, पंडित होते, चित्रकार होते, आणि नव्हतं ते फक्त काम. सरकारी नोकरीत बाजूला सारलेला अधिकारी अशा वेळी ज्ञानेश्वरीवर प्रवचनं सुरू करतो. महाराजांनी ‘श्रीतत्त्वनिधी’ सिद्ध केला. नऊ निधींचा हा सचित्र ग्रंथ. शक्तिनिधी, विष्णुनिधी, शिवनिधी असं करत शेवटी कौतुकनिधी. गणपतीच एकट्याचे बत्तीस. प्रत्येकाचा रंग वेगळा, हातातल्या वस्तू वेगळ्या, आणि ध्यानश्लोकाबाहेर जायची चित्रकाराला परवानगी नाही. कौतुकनिधीत योगासनं आहेत, तीही एकशे बावीस, आणि खेळही आहेत. पुढं हा ग्रंथ छापला गेला तो आपल्या मुंबईत, खेमराज श्रीकृष्णदास यांच्या वेंकटेश्वर छापखान्यात.

त्या खेळांत गंजिफा आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना एकशेवीस पत्त्यांचा डाव माहीत असतो, दहा अवतारांचे बारा-बारा. म्हैसूरच्या महाराजांना तेवढ्यानं काय होणार? त्यांनी ‘छाड’ नावाचे स्वतःचे डाव रचले, त्यातला मोठा डाव अठरा रंगांचा आणि तीनशे साठ पत्त्यांचा. एवढे पत्ते पिसून वाटेपर्यंत संध्याकाळ होत असणार, आणि महाराजांना नेमकं तेच हवं असणार.

नियमांच्या या कारखान्यातही एक गोष्ट सुटलीच. दोन तोंडांचा गंडभेरुंड! वडेयरांचं हे राजचिन्ह आज कर्नाटक सरकारच्या कागदांवर आहे, म्हैसूर विद्यापीठाच्या मुद्रेत आहे, आणि सरकारी एसटीवरही आहे. नृसिंहाचा राग आवरेना म्हणून शंकरानं शरभाचं रूप घेतलं आणि त्या शरभाला आवरायला विष्णूनं गंडभेरुंडाचं, अशी कथा. पुढं जिंकलं कोण, हे सांगणाऱ्याच्या कपाळाकडे बघून ओळखावं. गंध आडवं असेल तर शरभ, उभं असेल तर गंडभेरुंड. सरकारी बोधचिन्हात मात्र मधे गंडभेरुंड आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना हत्तीच्या तोंडाचे, सिंहाच्या धडाचे, लाल आयाळीचे दोन प्राणी ढाल सांभाळत उभे आहेत. त्यांना कोणी गजकेसरी म्हणतं, कोणी शरभच म्हणतं. शरभ म्हणणाऱ्यांचं खरं धरलं तर जन्माचे वैरी एका चिन्हाखाली एकत्र आलेले आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

मुद्दा असा, की म्हैसूरचा माणूस सकाळी एसटीत चढतो तोच एका विचित्र प्राण्याच्या साक्षीनं. तरीही राक्षसाचं चित्र समोर आलं की तो आपल्यासारखाच गडबडतो. हे मला माझ्या भाचीमुळे कळलं.

माझी ताई लग्न होऊन म्हैसूरला गेली. घरात मराठी, गेटच्या बाहेर कन्नड, आणि तिच्या सासूबाईंच्या तोंडी दोन्हीचं मिश्रण. मी तिथं मुक्कामाला असताना भाचीला शाळेतून चित्र काढून आणायला सांगितलं होतं. विषय, ‘काल्पनिक राक्षस’. अटी दोनच. हातानं काढलेलं हवं, आणि कशावरून उतरवलेलं नको. ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. जेवणाचं टेबल ही जागा तिनं निवडली इथंच घोळ झाला. स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस तिथं थांबू लागला, आणि थांबलेला माणूस सूचना केल्याशिवाय हलत नाही.

पहिल्या आजी आल्या. “अय्यो, कपाळ मोकळं का ठेवलंस? गंध लाव त्याला.”

“आजी, राक्षस आहे तो.”

“म्हणून काय झालं? रावण काय मोकळ्या कपाळाचा होता? शिवभक्त होता तो. तीन पट्टे ओढ.”

भाचीनं तीन पट्टे ओढले. राक्षस लगेच निम्मा सभ्य दिसायला लागला.

मग भावोजी आले. ते इंजिनियर. त्यांनी चष्मा वर करून चित्र बघितलं आणि म्हणाले, “एवढ्या वजनाला हे पंख पुरणार नाहीत.”

“तो उडत नाही, बाबा. राग आला की नुसते फडफडवतो.”

भावोजींच्या हातात पेपर होता. तो त्यांनी शांतपणे घडी करून ठेवला.

ताई लांबूनच म्हणाली, “दात बघ त्याचे! घासत नाही वाटतं.” या घरात दात हा विषय निघाला की पोरांनी पळायचं असतं, पण राक्षसाला पळता येत नव्हतं, कारण त्याचे पाय अजून काढायचे होते.

खरी अडचण आली ती हातांपाशी. राक्षसाला चार हात हवेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढचे दोन झाले. मागचे दोन काढताना भाचीची पेन्सिल थांबली. “मामा, मागचे हात खांद्यातून निघतात की पाठीतून? आणि त्यांना कोपर कुठं येतं?”

मी आयुष्यभर चतुर्भुज देव बघत आलोय. घरात कॅलेंडरं, देवळात मूर्ती, गणपतीत मांडव. पण मागच्या हातांच्या कोपराचा विचार मी कधी केला नव्हता. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिलो. चामुंडेश्वरीचं चित्र. पुढचे हात स्वच्छ दिसतात. मागचे हात खांद्यामागून अलगद वर येतात, आणि ज्या ठिकाणी हाडामासाचा जोड दाखवायची वेळ येते नेमक्या त्या ठिकाणी कधी हार आहे, कधी शेला आहे, कधी प्रभावळ आहे. हॉलमधला गणपती बघितला, तिथंही तेच. मग लक्ष्मी, तिथं कमळ आडवं आलेलं. आपल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं हा प्रश्न दागिन्यांखाली झाकून ठेवलाय. देवाच्या बाबतीत ते खपतं, कारण देवाच्या कोपराची चौकशी करणं शोभत नाही. राक्षसाच्या अंगावर हार नसतो, त्यामुळे तिथं सगळं उघड्यावर सोडवावं लागतं.

भाचीनं ते सोडवलंही. मागच्या हातांना तिनं दोन-दोन कोपरं दिली. “मग त्याला पाठ खाजवता येईल,” असं कारण दिलं. भावोजी म्हणाले, हे डिझाइन बरोबर आहे.

या कोपरावरून आजींनी रावणाचा विषय काढला, आणि राक्षस काढणाऱ्याचं दुःख काय असतं ते मला पहिल्यांदा समजलं. दहा तोंडं! मधे एक तोंड ठेवलं की उरतात नऊ. नवाचे दोन सारखे भाग पडत नाहीत. म्हणजे एका खांद्यावर चार आणि दुसऱ्यावर पाच. रावण कायमचा एका बाजूला कललेला. वाल्मीकींना लिहिताना काही वाटलं नसणार, लिहायला दहा काय आणि अकरा काय. भोगायचं ते चित्रकारानं. काहींनी दोन मजले केले. राजस्थानी आणि पहाडी चित्रांत काही ठिकाणी नऊ तोंडं ओळीनं मांडून दहावं गाढवाचं डोकं सगळ्यांच्या वर बसवलेलं आढळतं. प्रमाणही साधलं आणि रावणाबद्दलचं मतही नोंदवून झालं. बाहुलीवाल्यांची आणखी पंचाईत, कारण चामड्याची बाहुली एका बाजूनंच दिसते.

बाहुलीवाल्यांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. कर्नाटकात ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ असतो. कातडं घासून पारदर्शक करायचं, रंगवायचं, भोकं पाडायची, आणि मागं दिवा ठेवून पडद्यावर रामायण उभं करायचं. हा खेळ करणाऱ्या किळ्ळेक्यात समाजाच्या घरात मराठीची एक बोली बोलली जाते. पडद्यावर कन्नड, पडद्यामागं मराठी. म्हणजे कर्नाटकातल्या गावोगावच्या पोरांना रात्री रावण दाखवून घाबरवण्याचं काम कित्येक पिढ्या आपल्या भाषेच्या माणसांनी केलंय, आणि आपण सीमाप्रश्नावर बोलताना हा मुद्दा कधीच मांडत नाही. इकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या सांभाळून आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा मरू दिला नाही, राजवाड्यातच चित्रकार बसवले. दशावतारी गंजिफातले पहिले चार अवतार आठवा. मासा, कासव, वराह, नृसिंह. विष्णूचा शिक्का नसता तर ताईनं त्यांनाही दात घासायला पाठवलं असतं.

आणि कोकणात दशावतारी नाटकात संकासुर येतो तेव्हा काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला मी हौसेबद्दल वेगळं सांगायला नको. काळा अंगरखा, तोंडावर काळं कापड, लोंबणारी लाल जीभ. वेद चोरलेला हा दैत्य मालवणीत असा काही बोलतो की लोक पोट धरून हसतात. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो, पण विष्णूचे संवाद दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतात? गोव्यात तर हिशेब उघडच आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात, माडीएवढे. कागद, काथ्या, रंग, पोरांची कित्येक रात्रींची जागरणं. ज्या श्रीकृष्णानं त्याला मारायचं तो कुठंतरी कोपऱ्यात छोटासा उभा असतो. पहाटे नरकासुर जळतो आणि पोरांचे चेहरे उतरलेले असतात.

म्हैसूरच्या टेबलावर इकडे भावोजींनी मोबाईल काढला होता. “हल्ली एवढं करायची गरजच नाही,” ते म्हणाले. त्यांनी दोन ओळी टाइप केल्या आणि यंत्रानं क्षणात राक्षस हजर केला. लाल डोळे, धूर, मागं वीज चमकलेली, अंगावर व्यायामशाळेत जाऊन कमावलेले स्नायू. आम्ही सगळ्यांनी बघितला. भावोजींनी आणखी एक काढला. त्याचेही लाल डोळे, तोही धूर, तेच स्नायू. चौथा-पाचवा आला तोवर आजी झोपल्या होत्या. भाची म्हणाली, “बाबा, याचे हात मोजा.” मोजले. पाच निघाले, आणि पाचवा कुठून आला हे कोणालाच सांगता येईना. यंत्रालाही कोपर जमत नाही हे बघून मला बरं वाटलं. तिच्या राक्षसाचे हात विचारपूर्वक चारच होते.

तोवर तिच्या कागदाची अवस्था बिकट झाली होती. पोट तिला पटत नव्हतं. खोडरबरनं खोडून खोडून त्या जागी कागदाला लव सुटली आणि मग सरळ भोक पडलं. म्हैसूर शैलीचे जुने चित्रकार चिंचेच्या काटक्या जाळून केलेल्या कोळशानं आधी रेखाटन करत. त्याची मला तेव्हा आठवण झाली. कोळसा फडक्यानं झटकला की जातो, कागदाला इजा होत नाही. भाचीकडे चिंचेचा कोळसा नव्हता. तिनं मागून दुसरा कागद चिकटवला, भोकाच्या कडेनं दात काढले आणि राक्षसाला पोटात दुसरं तोंड दिलं. “हे भुकेचं तोंड,” ती म्हणाली. “वरचं बोलायचं.”

हे मला अजूनही अफाट वाटतं. आपल्याकडे बरेच लोक बोलायचं आणि खायचं एकाच तोंडानं करतात, त्यातून भांडणं होतात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून ताईनं सगळ्यांना सोमनाथपूरला नेलं. म्हैसूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर होयसळांच्या काळातलं, १२५८ मधलं केशव मंदिर. २०२३ पासून बेलूर आणि हळेबीडबरोबर जागतिक वारसा यादीत. गाईड भिंतीवरच्या पट्ट्या दाखवत होता. खाली हत्ती, मग घोडेस्वार, मग वेली, वर पुराणकथा, मग मकर, मग हंस. मकरापाशी भाची अडली. सुसरीचा जबडा, हत्तीची सोंड, डुकराचे कान, सिंहाचे पाय, आणि मागं मोराचा पिसारा. ती बराच वेळ बघत राहिली आणि मला कोपरानं ढोसून म्हणाली, “मामा, या काकांनी तर सगळं उतरवलंय. आम्हाला शाळेत असं चालत नाही.”

तिचं म्हणणं बिनचूक होतं. साडेसातशे वर्षांपूर्वी त्या काकांनी पाच प्राण्यांची पाच अवयवांसाठी नक्कल केली, आणि जगात नसलेला सहावा प्राणी घडवला. राक्षस असाच होतो. प्रत्येक तुकडा ओळखीचा लागतो. कान बघितल्यावर डुक्कर आठवलं पाहिजे, तरच बाकीच्याची भीती वाटते. सगळंच अनोळखी असेल तर तो राक्षस नव्हे, डाग. यंत्राच्या राक्षसांत मला नेमकी हीच खोट दिसली. ते कुठल्याच प्राण्याचे ऋणी नव्हते. भाचीच्या राक्षसाचे पाय मात्र शेजारच्या गल्लीत बसणाऱ्या गाईचे होते, आणि डाव्या पायाला तीच जुनी जखमही होती.

आता रसग्रहण. सुंदर चित्राचं कौतुक करायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र आहे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीताच उभी राहिली होती. निम्मे लोक ते रविवर्म्याचं समजतात. हळदणकर सावंतवाडीचे हे कळलं की मराठी पर्यटक उंचीनं दोन इंच वाढतो आणि मागच्या अनोळखी माणसालाही सांगतो. त्या चित्रासमोर काय म्हणायचं हे ठरलेलं आहे. ‘जिवंत वाटते!’ झालं. राक्षसासमोर ‘जिवंत वाटतो’ म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. मग लोक तीनपैकी एक करतात. पहिले विचारतात, “हे काय आहे?” दुसरे म्हणतात, “छान, पण एखादं निसर्गचित्र का नाही काढत?” डोंगर, त्यामागून सूर्य, एक झोपडी, एक नारळ. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात हा डोंगर निघालेला आहे आणि तो तरी कोणी खरा पाहिलाय? तिसरे सर्वांत घातक. ते चित्राकडे न बघता मुलाकडे बघतात आणि आईला बाजूला घेऊन विचारतात, “घरी सगळं ठीक आहे ना?”

शाळेत तिच्या चित्राला शेरा मिळाला, ‘नीटनेटकेपणा कमी. प्रमाणबद्धता नाही.’ राक्षसाला प्रमाणबद्धता! हा शेरा वाचून आजी प्रथमच नातीच्या बाजूनं उठल्या. “त्या टीचरला चामुंडी बेट्टावर ने,” त्या म्हणाल्या, “आणि विचार, ही मिशी प्रमाणात आहे का.”

मी भाचीला आर. के. लक्ष्मण यांची गोष्ट सांगितली. ते म्हैसूरचेच, १९२१ चा जन्म. लहानपणी घराच्या भिंती, दारं, जमीन काही सोडलं नाही. पुढं मुंबईच्या जे. जे. मध्ये प्रवेशासाठी अर्ज केला तर नकार आला. तुमच्यात लागतो तसला गुण नाही, असं त्यांना कळवलं गेलं. मग ते म्हैसूरच्याच महाराजा कॉलेजात शिकले, आणि नंतर त्याच मुंबईत राहून रोज सकाळी अख्ख्या देशाला चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस दाखवत बसले. त्यांनी शिंगंवाले राक्षस फारसे काढले नाहीत. मंत्री काढले. त्यांचे थोरले भाऊ आर. के. नारायण म्हैसूरच्या यादवगिरीत राहायचे. त्यांनी १९६१ मध्ये ‘द मॅन-इटर ऑफ मालगुडी’ या कादंबरीत वासू नावाचा एक राक्षस लिहिला. शिंगं नाहीत, पंख नाहीत, धंदा जनावरांत पेंढा भरण्याचा. सारं गाव त्याला टरकून. शेवटी कपाळावर बसलेला डास मारायला तो स्वतःच्याच डोक्यावर हात हाणतो आणि मरतो. भस्मासुराची कथा नारायणांनी डासावर संपवली. म्हैसूरमध्ये संध्याकाळी अंगणात बसलेल्या कोणालाही ही कल्पना सुचू शकते, पण लिहिली त्यांनी.

भाचीला गोष्ट आवडली, पण तिची शंका वेगळीच होती. “मामा, सामान्य माणसाला हात किती होते?” दोन, मी म्हणालो. “मग सोपं होतं,” ती म्हणाली आणि दुसरा कागद घेऊन बसली.

तेव्हा वाचकहो, विनंती एकच. तुमच्या घरातलं कोणी राक्षसाचं चित्र घेऊन समोर आलं तर ‘हे काय आहे’ विचारू नका. राक्षस आहे, दिसतंय. ‘हा खातो काय?’ असं विचारा. आणि विचारण्यापूर्वी गॅसवर काही ठेवलं असेल तर बंद करून या, कारण उत्तराला निदान अर्धा तास लागतो.